एक तास, आठ मीटर

पिवळ्या तापाची लस घेतली, दंड दोन दिवस ठणकला,
तेव्हा विद्युल्लता म्हणाली, युगांडा सुरू झालं म्हणायचं.
आम्ही दोघी, बँकेतून निवृत्त.
तिचा गुडघा, माझ्या बीपीच्या गोळ्या,
आणि भाड्याची दुर्बीण, जिच्या डाव्या काचेत
आधीच्या कुणाच्या तरी पापणीचा केस.

किबालेच्या जंगलात एका वेळी आठ जणांनाच सोडतात.
तोंडाला मास्क.
त्यांच्यापासून आपल्याला नाही, आपल्यापासून त्यांना.
आपली साधी सर्दी त्यांचं घराणं झोपवू शकते,
असं वाटाड्या म्हणाला. तुमुसिमे त्याचं नाव.
आठ मीटर लांब उभं राहायचं,
आणि घड्याळ लावून एक तास.

चार तास चाललो. मुंग्या मोज्यांत शिरल्या.
मग त्यानं बोट वर केलं
आणि मला दिसली एक पाठ.

काळी, रुंद, कमरेपाशी पिकलेली.
उंबराच्याच गोतातलं झाड, त्यावर बसून चिंपांझी खात होता.
देठ, साल, चोथा
पानांवर आपटत खाली.
चाळीस मिनिटं नुसती पाठ.
विद्युल्लता कुजबुजली,
कॅशमधला शिंत्रे असाच बसायचा गं, रांगेकडे पाठ करून.
हसू दाबता दाबता मास्कच्या वाफेनं चष्मा धुकटला
आणि तेवढ्यात, म्हणे, तो वळला,
सगळ्यांकडे एकदा बघून गेला.
सात जणांनी पाहिलं.
मला तो उंबराचं फूल.

परतताना तुमुसिमेनं विचारलं,
तुमच्याकडे कुठली माकडं?
मी म्हटलं, ती गॅलरीतून कांदे नेतात.
इथं मका नेतात, तो म्हणाला. पण कुठली?
मला सांगता येईना.
तीस वर्षं येऊरच्या पायथ्याशी राहते.
त्यांच्यासाठी माझ्याकडे काठी होती,
नाव नव्हतं.

शेवटच्या दिवशी दलदलीत, होडीतून,
वहाणचोच्या पाहिला
(हे नाव माझं; पुस्तकात बरं काही सापडलं नाही).
जोड्याएवढी चोच छातीवर टेकवून तो उभा.
दीड तास हलला नाही.
होडीवाल्यानं तेवढ्यात एक झोप काढली.

पोखरण रोड दोन, वनश्री सोसायटी.
आले त्याच आठवड्यात मीटिंग,
विषय क्रमांक चार: माकडांचा उपद्रव.
टिपणीसांनी जाळ्यांचे दर आणले होते.
सातव्या मजल्यावरचे म्हात्रे म्हणाले, फटाके लावू.
मी म्हटलं, म्हणजे कोलीत नक्की कुणाच्या हातात?
कुणी हसलं नाही.
टिपणीसांच्या नातीचं मनगट ओरबाडलेलं,
तिला इंजेक्शनं घ्यावी लागली होती.
त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

ठरलं की मागचा उंबर छाटायचा.
फळांसाठीच येतात.
माझी सही नाही, पण कोरम होता.

आता सकाळी वही घेऊन बसते.
टोपीवाली माकडं, एवढं कळलंय:
डोक्यावर केस असे की कुणी मधोमध भांग पाडून दिलाय.
एक मादी, डावा कान फाटका, पोटाला पिल्लू.
एक म्हातारा, जो तांबट ठोकायला लागला की खाणं थांबवतो.
राखी धनेशाची जोडी, मंगळवारी.
बाकीची अजून नुसतीच माकडं.

टेप लावून मोजलं.
गॅलरीच्या कठड्यापासून उंबर साडेपाच मीटर.
म्हणून खुर्ची आत ओढली, पार फ्रिजपाशी.
परवापासून सर्दी आहे.
बॅगेच्या कप्प्यात तिकडचा एक मास्क उरला होता, तो लावला.

गुरुवारी करवत येणार.
फळं टिपणीसांच्या गाडीच्या टपावर पडतायत.
फाटक्या कानाची माझ्याकडे पाठ करून बसली आहे.
सहा पन्नास.
घड्याळ लावलंय.